शंभर घरांचा तक्ता

शाळेला सुटी लागली की नातवाला दुकानी बसवण्याची रीत पेठेतल्या जैन घरांतून अद्याप पुरती मोडलेली नाही. सोलापूरकडच्या एका किराणा दुकानात, इंग्रजी शाळेतली दुसरी उत्तीर्ण झालेला असाच एक नातू गल्ल्यापाशी बसला होता. गिऱ्हाइकाचे एकोणसत्तर रुपये झाले. आजोबांनी आकडा उच्चारला आणि मुलाने कागदावर ७९ लिहिले. गिऱ्हाईक हसले. आजोबा हसले नाहीत. "चार पिढ्या तराजू धरला आपण, आणि तुला एकोणसत्तर कळत नाही?" एवढेच ते बोलले, पण चार माणसांत बोलले. दुसऱ्या दिवशी मुलाचे पोट दुखू लागले, तिसऱ्या दिवशी डोके. दुकानाचे नाव निघाले की तो आईच्या पदराआड जाऊ लागला.

मुलगा गणितात कच्चा नव्हता. सिक्स्टी नाइन म्हटले असते तर त्याने ६९ बिनचूक लिहिले असते. 'एकोण' आले की शेवटी नऊ असतात, एवढे त्याला अंधुक ठाऊक होते. कानांनी 'सत्तर' ऐकले आणि त्याने दोन्ही जोडून टाकले. एकोण म्हणजे एक ऊन, एक उणे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आजोबांनाही ते कधी कोणी सांगितले नसावे. त्यांनी पावकी-निमकीसकट सारे पाठ केले आणि उरलेले गल्ल्यावर शिकले. नातवाला तेवढा वेळ गल्ल्यावर मिळत नाही.

मराठी संख्यानामे अवघड आहेत, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पंचवीस म्हणताना पाच आधी येतात, लिहिताना दोन आधी; म्हणून कित्येक मुले पंचवीस ऐकून ५२ लिहितात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. मंगला नारळीकर यांनी त्या बदलाची बाजू मांडली आणि त्यांची थट्टाही पुष्कळ झाली. जोडाक्षरे आणि उलटा क्रम मुलांना अडवतो, हे त्यांचे म्हणणे मात्र खोटे नव्हते. परंतु पुस्तकात काहीही छापले तरी पेठेत गिऱ्हाईक 'एकोणसत्तर' असेच म्हणणार, आणि व्यापाऱ्याच्या मुलाला ते कळलेच पाहिजे.

आईने बाजारातला तक्ता आणला नाही. त्या तक्त्यांवर विमान आणि अननस एवढे मोठे असतात की अंक कोपऱ्यात दडतात. तिने जुन्या वहीच्या कोऱ्या पाठीवर दहा उभ्या, दहा आडव्या अशी शंभर घरे आखली आणि १ पासून १०० पर्यंतचे अंक मुलाकडूनच भरवून घेतले. शून्यापासून ९९ पर्यंतचाही तक्ता करतात आणि इंग्रजी नावांना तो अधिक सोयीचा पडतो. मराठीला मात्र एकपासून शंभरचाच बरा. त्यात २९ च्या शेजारी, त्याच ओळीत ३० येतात. एकोणतीस आणि तीस यांची भिंत एकच राहते. शून्याच्या तक्त्यात २९ ओळीच्या शेवटी पडतात आणि ३० खालच्या ओळीत जातात.

नवव्या रकान्यावर तिने एकेक चिंचोका ठेवला आणि शेजारच्या दहाव्या रकान्यावर बोट. "तीसला एक कमी?" एकोणतीस. "चाळीसला एक कमी?" एकोणचाळीस. सत्तरपाशी बोट आले तेव्हा मुलगा थांबला, ६९ वरचा चिंचोका उचलून पाहिला आणि पुन्हा ठेवला. त्यावर आईने काहीही म्हटले नाही, हे तिचे शहाणपण.

नंतर दुसरा रकाना आला: बारा, बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर. सगळ्यांच्या आरंभी 'ब'. तिसऱ्या रकान्यात 'त'. सहावा रकाना तेवढा हट्टी निघाला. सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, सहासष्ट, शहात्तर. तेथे कधी 'स', कधी 'छ', कधी 'श'. अशा ठिकाणी नियम शोधण्यात अर्थ नसतो. तो रकाना रोज एकदा मोठ्याने वाचावा, झाले. बाकीच्या रकान्यांना पाठांतराची घाई नको. पंचवीस ऐकताच बोट आधी पाचच्या रकान्यात जावे आणि मग विसाच्या खाली उतरावे, एवढे साधले की ५२ ची चूक आपोआप थांबते.

एके संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण उरकल्यावर, आजी तक्त्यापाशी येऊन बसली. तिने त्रेसष्ट शलाकापुरुष मोजायला सांगितले. चोवीस तीर्थंकर: बोट २४ वर. बारा चक्रवर्ती: एक घर खाली, दोन घरे उजवीकडे, ३६. नऊ बलदेव: एक घर खाली, एक डावीकडे, ४५. नऊ वासुदेव: पुन्हा तसेच, ५४. नऊ प्रतिवासुदेव: ६३. मुलाने नऊ मिळवण्यासाठी एकदाही बोटे मोजली नाहीत. तिरके उतरत गेला. मग त्याच्याच ध्यानात आले की ३६ उलटे केले की ६३ होतात आणि ४५ उलटे केले की ५४. चारही संख्यांतल्या अंकांची बेरीज नऊ.

अंकांच्या अशा रचनांचे कौतुक जैन परंपरेला नवे नाही. नवव्या शतकात, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रह' रचला. कंठातल्या माळेसारखी, दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येणारी उत्तरे त्यात आहेत. १३९ ला १०९ ने गुणले की १५१५१ येतात. सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने १९६३ साली तो हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. तो कित्येक घरांत नसेल, पण आनुपूर्वीची पुस्तिका बहुतेकांच्या देवघरात असते, आणि तोही अंकांचाच तक्ता आहे. १ म्हणजे अरिहंत, २ सिद्ध, ३ आचार्य, ४ उपाध्याय, ५ साधू. पहिल्या कोष्टकात शेवटचे ४ आणि ५ जागा सोडत नाहीत. पुढचे तीन अंक तेवढे सहा परींनी फिरतात: १२३, २१३, १३२, ३१२, २३१, ३२१. अशी वीस कोष्टके, सहा-सहा ओळींची. एकूण १२० ओळी, एकही पुन्हा येत नाही. मन भटकू नये म्हणून ही योजना आहे. आजीने नातवाला पहिल्या कोष्टकाची शेवटची ओळ झाकून ती ओळखायला सांगितली. त्याने चुकून पुन्हा २३१ सांगितले. आजीने वरच्या ओळीवर बोट ठेवले, तेव्हा त्याने चूक स्वतःच सुधारली.

सुटीचे शेवटचे आठ दिवस उरले असताना तो आपणहून दुकानी गेला. वहीचे ते पान घडी करून त्याने खिशात ठेवले होते. गिऱ्हाइकाचे एकोणनव्वद झाले. त्याने पान न काढता ८९ लिहिले आणि आजोबांकडे पाहिले. आजोबांनी मान हलवली, बोलले काही नाहीत.

दुपारी गर्दी ओसरल्यावर त्याने पान उलगडले आणि नवव्या रकान्याच्या तळाशी बोट ठेवले. "आजोबा, हे एकोणशंभर का नाही? नव्व्याण्णव का?"

आजोबांनी चष्मा काढून पुसला. साठ वर्षे ते नव्व्याण्णव म्हणत आले होते. शेजारच्या कापडवाल्याला त्यांनी हाक मारली, त्यालाही सांगता येईना.