‘कॉलेज सुटले की सरळ घरी ये’

वसईतल्या आपल्या घरांतून दररोज पहाटे एक आज्ञा ऐकू येते : ‘कॉलेज सुटले की सरळ घरी ये.’ आई डबा हाती देताना ती उच्चारते, वडील रेल्वेच्या पासाचे पैसे देताना. या आज्ञेमागे माया आहे, यात शंका नाही. तरीही मला स्पष्टपणे म्हणावेसे वाटते की, या एका वाक्याने आपण आपल्या मुलांचे निम्मे शिक्षण हिरावून घेत आहोत.

विद्यापीठाविषयीचा आपला गैरसमज जुना आहे, आणि तो सर्वस्वी आपला दोष नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी, एवढेच त्याचे काम. शिकवीत ती महाविद्यालये. फोर्टमधील राजाबाई मनोरा १८७८ साली पूर्ण झाला. परंतु समाजशास्त्राचा स्वतःचा विभाग काढून पॅट्रिक गेडिस यांच्यासारखा प्राध्यापक नेमायला १९१९ साल उजाडावे लागले. ‘विद्यापीठ म्हणजे परीक्षा’ हे समीकरण आपल्या मनात रुजले ते असे.

पुढे कलिना येथे विद्यानगरी उभी राहिली. तेथे ग्रंथालय आहे, झाडांखालचे रस्ते आहेत. पण बहुसंख्य मुलांच्या वाट्याला येते ती एखाद्या संलग्न महाविद्यालयाची इमारत : जिन्याचा कठडा, कॅन्टीनमधले बाक, तालमीपुरता मिळालेला रिकामा वर्ग. शहरातील विद्यार्थिजीवन याच चिंचोळ्या जागेत जगावे लागते. तेथेच आपल्या मुलाला परभणीहून आलेला, वसतिगृहात राहणारा मित्र भेटतो. तेथेच एकांकिकेची तालीम होते, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर ठरते, आणि आपले मत चारचौघांत खोडले गेले तरी हसून पुन्हा कसे मांडावे, हे कळते. हे कोणत्याही प्रश्नपत्रिकेत विचारले जात नाही. आयुष्यात मात्र रोज विचारले जाते.

‘तेथे व्यसने आहेत, वाईट संगत आहे, राजकारण आहे,’ असे पालक म्हणतात. भय खोटे नाही. १९८९ साली मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला. १९९४ च्या कायद्यानंतर राज्यात थेट निवडणुका बंद झाल्या; २०१६ च्या कायद्याने त्यांची तरतूद पुन्हा केली. मधल्या काळात शासनानेही विद्यार्थ्यांना एका परीने ‘सरळ घरी जा’ असेच सांगितले! अठराव्या वर्षी खासदार निवडणाऱ्या तरुणाला स्वतःचा वर्गप्रतिनिधी निवडता येऊ नये, हा कुठला न्याय? दार बंद केल्याने गुंडगिरी शहाणी होत नाही. मुले मात्र अजाण राहतात.

प्रवासाची अडचण मला मान्य आहे. विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटर. संध्याकाळच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. म्हणून रोज थांबा, असे मी म्हणत नाही. आठवड्यातून दोन दिवस थांबू द्या. आणि एक प्रश्न प्रत्येकाने आपल्या मनाला विचारावा : ही आज्ञा मुलाला जितकी, तितकीच मुलीला आहे काय? मुलगा सामना खेळून आठला आला तर आपण ‘जिंकलात का?’ विचारतो. मुलगी ग्रंथालयातून सातला आली तर शेजारी काय म्हणतील, याची चिंता वाहतो. प्रवासाची सबब खरी असेल, तर ती दोघांनाही सारखीच लागू असायला हवी.

केवळ परीक्षाच द्यायची, तर विद्यापीठाने १९७१ पासून दूरशिक्षणाची सोय केलेली आहे. नोकरी करणाऱ्यांना, घरची जबाबदारी असणाऱ्यांना तिचा मोठा आधार वाटतो. मग आपण आपल्या मुलांना पहाटे उठवून, गर्दीत लोटून, महाविद्यालयात कशासाठी पाठवतो? माणसांत बसून शिकावे म्हणूनच ना? तर मग त्यांना माणसांत बसू द्या. एखाद्या संध्याकाळी मुलीला उशीर झाला, तर दारातच उलटतपासणी नको. तिला जेवायला वाढा, समोर बसा आणि आज कोणाशी काय बोलणे झाले, ते तिच्याकडून ऐकून घ्या.