रोखपाल आणि तपासनीस

ज्याच्या हाती रोकड, त्याच्या हाती खतावणी देऊ नये, हे वाणिज्य शाखेत आपण पहिल्याच वर्षी शिकतो. तीच खतावणी संगणकाच्या डिस्कवर गेली की मात्र हा नियम कुणाला आठवत नाही.

सन मायक्रोसिस्टिम्सने 2005 साली सोलारिससाठी झेडएफएस ही फाइलव्यवस्था खुली केली. अनेक डिस्क एका साठ्यात घालून हवी तशी जागा काढता येते, म्हणून तिचे कौतुक होते. मला मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. मजकुराच्या प्रत्येक ठोकळ्याची पडताळणीची बेरीज त्याच्याजवळ नसते, वरच्या ठोकळ्यात असते. रोखपालाने स्वतःलाच बरोबर ठरवण्याची सोय नाही! 'झेडपूल स्क्रब' ही आज्ञा टंकली की साठ्यातला सारा मजकूर वाचून बेरजा ताडल्या जातात. दुसऱ्या डिस्कवर चांगली प्रत असेल तर बिघडलेली दुरुस्तही होते.

पण कारकुनाने शंभराचे हजार लिहिले तर स्क्रबला ते बरोबरच दिसणार. आणि 'झेडपूल डिस्ट्रॉय' टंकणाऱ्याला 'खरेच का?' असे कुणी विचारत नाही. म्हणून 'झेडएफएस अलाऊ' आपण शिकलीच पाहिजे. तिने एखाद्याला हिशेबाची आजची स्थिती गोठवून ठेवण्याचा अधिकार देता येतो, ती पुसण्याचा न देता. (मुख्य प्रशासकाला अर्थात सारेच मोकळे, त्याच्यावर देखरेख माणसांनीच ठेवायची.)

हे काम सायन्सवाल्यांचे, असे आमचे मित्र म्हणतात. ताळेबंदावर सही कोण करणार, सायन्सवाले? प्रात्यक्षिकाला खर्चही नाही. झेडएफएस फुकट मिळते, आणि सरावापुरता साठा साध्या फायलींवरही बांधता येतो.