घाट बळी मागत नाही

आपल्या वृत्तपत्रांना एक वाक्य फार प्रिय आहे. पावसाळा लागला की ते जुळवूनच ठेवलेले असते आणि सुट्यांच्या दिवसांत पुन्हा बाहेर निघते. 'अमक्या घाटाने घेतले चार बळी.' पुढच्या आठवड्यात घाटाचे नाव बदलते, बळींचा आकडा बदलतो. वाक्य मात्र तेच. व्याकरणाच्या दृष्टीने ते अगदी निर्दोष आहे. घाट हा कर्ता, बळी हे कर्म, घेणे ही क्रिया. पण या निर्दोष वाक्यातून कितीजण हळूच निसटले आहेत ते पाहा! उतारावर गाडी भन्नाट सोडणारा गृहस्थ निसटला. रात्रभर जागलेल्या ड्रायव्हरला पहाटे पुन्हा गाडीवर बसवणारा मालक निसटला. कोसळलेला कठडा वर्षानुवर्षे तसाच ठेवणारा अधिकारी निसटला. पंचनाम्याला उरला तो एकटा डोंगर. त्याला जबानी देता येत नाही, आणि त्याच्या बाजूने उभा राहायला वकीलही नाही. आजचे माझे वकीलपत्र त्या डोंगराचे आहे.

आरंभीच एक गैरसमज दूर करतो. सह्याद्री पायीच पाहावा, मोटारीत बसून पाहणे म्हणजे देवळात जोडे घालून शिरणे, असे मानणारा एक कडवा पंथ आपल्याकडे आहे. मी त्या पंथातला नव्हे. ज्या आजीच्या गुडघ्यांनी कायमचा संप पुकारला आहे तिने डोंगर पाहूच नयेत काय? मोटारीने म्हाताऱ्याकोताऱ्यांना, लहान मुलांना, आठवड्याचे सहा दिवस खुर्चीला जखडलेल्या कारकुनाला सह्याद्री दाखवला, हे तिचे उपकारच आहेत. आणि काय दाखवला! माळशेजला पावसात ढग आपल्याहून खाली उतरतात आणि गाडी त्यांच्यातून वाट काढते. ताम्हिणीला मुळशीच्या पाण्याची सोबत असते तोवर आपण देशावरच असतो, आणि मग जमीनच संपते. वरंध्याला वाघजाईच्या देवळापाशी गरम भजी खात दरीकडे पाहत उभे राहावे. खालच्या रानात शिवथर लपलेले असते. आंबेनळीतून प्रतापगड दिसतो. गगनबावड्याहून कोकणात उतरायला करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात, आणि कोणत्याने जावे हा गोड वाद घरातल्या घरात होतो.

दिवाळीत तर विचारूच नका. पाऊस सरलेला, गवत पिवळे पडू लागलेले, हवा अशी स्वच्छ की डोंगरामागचे डोंगर मोजून घ्यावेत. उतरता उतरता कानात दडे बसतात, अंगातली थंडी कमी होत जाते. वर ज्वारीची शेते सोडलेली असतात. खाली भाताची झोडणी चाललेली दिसते. वरच्या घरांवर धाबी, खालच्या घरांवर कौले. तासाभरात माणसांचे बोलणे बदलते, आमटीची चव बदलते. पंधरा किलोमीटरांत एवढा पालट दाखवणारा रस्ता जगात थोड्यांच्याच वाट्याला येत असेल.

आता हा आनंद येतो कोठून? पाचसहाशे मीटरांची उंची थोडक्या अंतरात उतरायची म्हणून रस्त्याला वळावे लागते. तो वळतो म्हणून दर वळणाला दरी नवी दिसते. एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला पोकळी आहे म्हणूनच छाती भरून येते. म्हणजे ज्याला आपण धोका म्हणतो आणि ज्याला सौंदर्य म्हणतो, ती दोन्ही एकाच खडकातून निघाली आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे हे थर. कठीण कातळाखाली मऊ, तांबड्या मातीसारखा थर, त्याखाली पुन्हा कातळ. महाबळेश्वर-आंबोलीकडे वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी फटीफटींतून झिरपते. त्यातले काही धबधबा होऊन बाहेर पडते आणि आपण त्याखाली फोटो काढतो. काही मऊ थरात मुरते, दगडाचा पाया सैल करते आणि एके दिवशी दरड खाली येते. धबधबा तेवढा हवा आणि दरड नको, असे निसर्गाला बजावता येत नाही.

जुन्या माणसांना हे ठाऊक होते. सातवाहनांच्या काळापासून वाहत्या असलेल्या नाणेघाटाच्या माथ्यावर दगडी रांजण आहे. त्यात जकातीची नाणी पडत, असे परंपरा सांगते. घाट चढून आलेला तांडा तिथे थांबे, दम खाई, पाणी पिई आणि मग पुढे जाई. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० साली गव्हर्नर माल्कमच्या कारकिर्दीत खुला झाला. ज्या धनगराने त्या घाटाची वाट दाखवली असे लोक मानतात, त्या शिंग्रोबाचे देऊळ आजही तिथे आहे, आणि ट्रकवाले त्याच्यापुढे नाणे टाकतात. याला कोणी अंधश्रद्धा म्हणो. मला त्यात एक शहाणपण दिसते. नाणे टाकायचे तर वेग कमी करावा लागतो, आणि आपण कोणाच्या तरी दारातून जात आहोत ही आठवण राहते. आम्ही नव्या लोकांनी देव सोडले त्याचे मला दुःख नाही. त्याबरोबर वेग कमी करणेही सोडले, त्याचे आहे.

घाईचा हिशेब एकदा मांडूनच पाहू. पंधरा किलोमीटरांचा घाट ताशी तीसच्या वेगाने उतरला तर अर्धा तास लागतो. ताशी पंचेचाळीसने उतरला तर वीस मिनिटे. मिळकत दहा मिनिटे! ही दहा मिनिटे हे गृहस्थ पायथ्याच्या वडापावच्या गाडीपाशी, गर्दी किती झाली आहे म्हणून कुरकुरत उभे राहण्यात खर्च करतात. आणि या दहा मिनिटांची किंमत? वेग दीडपट झाला की गाडीच्या अंगातला जोर सव्वादोन पट होतो. तो सारा जोर शेवटी ब्रेकांनीच गिळायचा असतो. सारखा ब्रेक दाबून उतरणाऱ्याचे ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक ऐन वेळी धरत नाही. म्हणूनच ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा जुन्या ड्रायव्हरांचा मंत्र होता. इंजिनच गाडीला मागे ओढून धरते. पेट्रोल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकणारा शहाणा चार रुपये वाचवतो आणि गाडीचा लगाम सोडून देतो.

चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा नुसता शिष्टाचार नव्हे. अरुंद डोंगरी रस्त्यांसाठी तो मोटारवाहन नियमांतच लिहिलेला आहे. चढावर थांबलेल्या लादलेल्या ट्रकला पुन्हा उचल घेणे किती कठीण जाते, हे नियम करणाऱ्याला कळत होते. पण आमचा उतरणारा गृहस्थ दिवे फडफडवतो, हॉर्न दाबून धरतो आणि जणू डोंगर त्याच्या नावावर चढवला आहे अशा थाटात मध्ये घुसतो. धुके दाटले की हा प्रखर झोत लावतो. तो धुक्यावर आदळून त्याच्याच डोळ्यांत परततो. काचा बंद, आत गाणी ढणढणत असलेली. आंधळ्या वळणापलीकडून एस.टी.चा ड्रायव्हर बिचारा हॉर्न वाजवतो आहे, पण तो ऐकणार कोण? 'अति घाई, संकटात नेई' ही पाटी घाटाघाटांत रंगवलेली असते. आमच्या लोकांनी तिचा एकच उपयोग शोधून काढला. तिच्याखाली गाडी लावून फोटो काढायचा!

यावर एक उत्तर हमखास येते. 'तुम्ही प्रवाशांनाच काय झोडता? रस्ते कोणी बिघडवले? सरकार काय करते?' बरोबर आहे. सरकारला मी मुळीच सोडणार नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल पुरात कोसळला आणि एस.टी.च्या दोन गाड्या प्रवाशांसकट नदीत गेल्या. त्या प्रवाशांनी काय घाई केली होती? ते सरकारी गाडीत, तिकीट काढून, आपापल्या जागेवर बसले होते. जुलै २०१५ मध्ये द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ धावत्या मोटारींवर दरड आली. तिथेही 'नदीने नेले', 'दरडीने घात केला' हीच भाषा. म्हाताऱ्या पुलाची नाडी वेळेवर कोणी तपासायची होती? सैल कातळावर जाळी कोणी बसवायची होती? घाटाला आरोपी केले की सर्वांत मोठी सोय कोणाची होते, ते वाचकांनी ओळखावे. बेफाम मोटारवाला आणि बेफिकीर खाते, दोघेही त्याच एका वाक्याच्या आडोशाला उभे आहेत.

मग उपाय म्हणून एक ओरड उठते. घाट रुंद करा! वळणे कापा! रस्ता सरळ करा! माझा खरा झगडा या ओरडीशी आहे. डोंगराचा पायथा उभा कापला की वरच्या मातीचा आधार जातो, हे शाळेतल्या पोरालाही वाळूच्या ढिगाऱ्यावर करून पाहता येईल. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात चौपदरी रस्त्यासाठी डोंगर कापला गेला, आणि जुलै २०२२ मध्ये दरडींमुळे तोच घाट बंद ठेवण्याची पाळी आली. रुंद रस्ता मिळवायला गेलो आणि होता तोही काही काळ गेला. आणि सरळ रस्त्यावर माणसे मरत नाहीत काय? समृद्धी महामार्गावर वळण शोधावे लागते. सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ च्या रात्री त्याच रस्त्यावर एक प्रवासी गाडी उलटून पेटली आणि २५ माणसे गेली. तिथे कोणता घाट बळी मागायला बसला होता? केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे रस्त्यांवर मेली, आणि त्यांतले सुमारे सत्तर टक्के मृत्यू भरधाव वेगाच्या खात्यावर जमा आहेत. हा देश सगळा घाटांचा बनलेला नाही.

घाटात पाण्याचे चर उपसा, कठडे बांधा, सैल दगड उतरवा, वळणावर आरसे लावा, गाड्या थांबवायला ठरलेल्या जागा करा. हे सगळे मागा आणि जोराने मागा. पण वळण मागे घ्या असे म्हणू नका. वळण गेले की घाट गेला. मग उरतो तो नुसता उतार, आणि तो पाहायला घरून डबा बांधून कोणी येणार नाही.

या साऱ्या व्यवहारात ज्याला कोणीच विचारत नाही तो घाटातला माणूस. आपण वर्षातून एकदा येतो. तो तिथे राहतो. दरडींच्या भीतीने वरंध्यासारखा घाट पावसाळ्यात बंद होतो तेव्हा आपली एक सहल बुडते. त्याचा दवाखाना, बाजार आणि शाळा लांब जाते. आपण माकडांना केळी टाकतो. ती सवयीने रस्त्यावर येऊन बसतात, चाकाखाली मरतात आणि उरलेली त्याच्या परड्यात शिरतात. बाटल्या आपण फोडतो, काच त्याच्या गुरांच्या खुरांत जाते. आणि आपली गाडी दरीत गेली की दोर बांधून खाली उतरतो तोही तोच. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठाची मंडळी सहलीला महाबळेश्वरकडे निघाली होती. आंबेनळीत त्यांची बस शेकडो फूट खाली गेली. एकच जण जिवंत वर आला. बाकीच्यांना वर आणायला महाबळेश्वर-पोलादपूरकडची डोंगर जाणणारी पोरे पावसात, निसरड्या कड्यावरून त्या दरीत उतरली. ती कोणाच्या नोकरीत नव्हती. आपण घाटात वेग वाढवतो तेव्हा आपल्या जिवाबरोबर या पोरांचाही जीव टांगणीला लावतो, याची कोणी आठवण ठेवतो काय?

आता शेवटचे, आणि ते गाडीच्या मागच्या सीटवर बसणाऱ्यांसाठी. आपल्या घरांतून एक विचित्र मौन पाळले जाते. गाडी वळणावर कलंडते आहे हे आजीला कळते. ती डोळे मिटून रामरक्षा सुरू करते. आईला कळते, ती वरची कडी घट्ट धरते आणि खिडकीबाहेर पाहते. मुलांना कळते; ती हसायची थांबतात. पण तोंडातून शब्द कोणी काढत नाही. चालवणाऱ्याचा अपमान होईल! सहलीच्या रंगाचा भंग होईल! घरात भाजीला मीठ कमी पडले तर एवढ्या मोठ्याने बोलणारी माणसे आपण, आणि इथे सगळ्यांचा जीव एका माणसाच्या पायाखाली असताना मूग गिळून बसतो. रामरक्षा म्हणायची तर जरूर म्हणावी, पण तिच्या आधी खणखणीत आवाजात म्हणावे, 'बाबा रे, हळू चालव. आम्हाला डोंगर पाहायचे आहेत.' सुनेने म्हणावे, नातवाने म्हणावे, सर्वांत लहान मुलाने म्हणावे. एवढे ऐकून ज्याचा मान जातो त्याच्या हातून चाक काढून घ्यावे.

या सुटीत आपल्यापैकी अनेकजण कोकणात, गोव्यात, महाबळेश्वरला निघतील. चकल्यांचा डबा भराल, पाण्याच्या बाटल्या भराल, चाकांतली हवा पाहाल. त्या सामानात अर्धा तास जास्तीचा टाका आणि उजेडी घाट उतरा. चढणाऱ्याला वाट द्या, एखाद्या रुंद जागी गाडी पुरती बाजूला घेऊन खाली उतरा आणि दरीकडे मन भरेपर्यंत पाहा. घाट आपल्याकडे एवढेच मागतो.