ऑपरेशननंतरची काळजी : नातेवाइकांनाही सांगा

‘ऑपरेशन चांगले झाले’ असे डॉक्टरांनी सांगितले, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. खरी परीक्षा मात्र पुढे वॉर्डात असते. १९५६ सालापासूनच्या आपल्या घाटीत मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून रुग्ण येतात. रुग्णालय सरकारी असो वा खासगी, रुग्णाला उठवणे, पाणी पाजणे, लघवीला नेणे ही कामे बहुधा सोबतचा माणूसच करतो. म्हणून ऑपरेशननंतर काय होणार, हे त्यालाही आधी सांगितले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पोटाच्या ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी सिस्टर रुग्णाला चालवू लागल्या, की ‘टाके तुटतील’ म्हणून घरचे आडवे येतात. डॉक्टरांनी परवानगी दिली असेल, तर आधाराने चालल्याने टाके तुटत नाहीत. उलट पडून राहिल्याने पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होऊ शकते. ती फुप्फुसात गेल्यास जिवावर बेतते. दुखते म्हणून रुग्ण खोल श्वास घेत नाही, खोकत नाही. मग छातीत कफ साठतो. पोटाशी उशी धरून खोकावे. दुखणे सोसण्यात शौर्य नाही. ते सिस्टरांना सांगावे.

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात लवकर चालवणे, लवकर खाऊ घालणे आणि वेदना आटोक्यात ठेवणे यांची सांगड घातली. ही पद्धत पुढे अनेक देशांत स्वीकारली गेली.

खाण्यापिण्याचे मात्र डॉक्टरांना विचारूनच करावे. ‘घोटभर पाण्याने काय होते?’ म्हणून चोरून पाजू नये. वरण-भाताने जखमेत पू होतो, हा निव्वळ गैरसमज आहे. पू जंतूंमुळे होतो. म्हणून जखमेला हात लावू नये आणि खाटेभोवती गर्दी करू नये.

पहिल्या एक-दोन दिवसांत थोडी कणकण येऊ शकते. पण ताप वाढला, धाप लागली, एक पाय सुजला, पोट फुगून उलट्या झाल्या, लघवी तुंबली किंवा जखमेतून पू अथवा रक्त येऊ लागले, तर राउंडची वाट न पाहता लगेच सांगावे.

संमतिपत्रावर सही घ्यायला नातेवाइकाला बोलावतातच. त्याच वेळी पाच मिनिटे काढून एवढे साध्या मराठीत सांगितले, तर फार खर्च येणार नाही. आणि डॉक्टरांनी सांगितले नाही, तर वाचकहो, सही करण्यापूर्वी आपणच विचारावे.