रक्त आमचं, करंडक कुणाचा?



गेल्या महिन्यात एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या 'संशोधन दिना'ला बक्षिसं द्यायला मला बोलावलं होतं. पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांनी सभागृहभर पोस्टरं लावली होती. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं, तीही इंग्रजीत. पहिलं बक्षीस मिळालं ते बायकांच्या रक्तक्षयावरच्या कामाला. करंडक मीच दिला.

हे काम आमच्याच वस्तीतलं. दोन वर्षांपूर्वी तिथल्या बायकांना रक्त द्यायला राजी केलं तेही मीच. परत आल्यावर शेजारच्या मावशींना बक्षिसाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. पण माझ्या अंगात रक्त किती हाय, ते कुणी सांगितलंच न्हाई."

सही घेतली, रक्त नेलं, चिठ्ठी मात्र दिली नाही. आणि मीही ती मागितली नाही.

त्या मुलीवर माझा राग नाही. ती उन्हातान्हात दारोदार फिरली आहे. तिचं कौतुक व्हायलाच हवं. राग आहे तो बक्षिसाच्या निकषांवर. परीक्षकांच्या गुणपत्रकात नावीन्याला गुण होते, मांडणीला होते, छापून आलेल्या लेखांना होते. 'ज्यांना तपासलं त्यांना निष्कर्ष कळवले का?' या प्रश्नाला रकानाच नव्हता!

यावर एक परीक्षक म्हणाले, "ते समाजकार्य झालं, विज्ञान नव्हे." असं कसं? १९८९ साली राणी आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतल्या दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तपासलेल्या ६५० बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग होते, आणि त्याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. बायका विश्वासाने तपासणीला आल्या, म्हणूनच हे जगाला कळलं. तो विश्वास मोडला तर पुढच्या संशोधकाला दार कोण उघडणार?

महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलंच आहे. तेच पुन्हा मोजून थांबायचं असेल, तर मावशींच्या हातात काय पडलं? संशोधनाचा लाभ सहभागी माणसांपर्यंत आणि त्यांच्या समाजापर्यंत पोचावा, असं भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही सांगतात. मग बक्षीस देताना त्यांचा विसर का पडतो?

म्हणून आपल्या गटांनी आपापल्या गावच्या महाविद्यालयांकडे तीन मागण्या कराव्यात. तपासलेल्या प्रत्येकीला तिचा अहवाल मराठीत मिळावा. बक्षिसाआधी निष्कर्ष वस्तीच्या बैठकीत सांगितले जावेत. आणि परीक्षकांत वस्तीतली एक बाई असावी.

पुढच्या वर्षी बोलावलं तर मी जाईन, पण एकटी नाही. मावशी बरोबर असतील, आणि पहिला प्रश्न त्या विचारतील.