मृगाचा पहिला पाऊस आणि बाजारपेठेचे कर्तव्य

रोहिणी नक्षत्र लागले म्हणजे हिमायतनगरच्या रस्त्यांवर दुपारी बारापासून चारपर्यंत चिटपाखरू दिसत नाही. पैनगंगेच्या पात्रात ठिकठिकाणी डोह तेवढे उरतात, आणि वर इसापूरच्या धरणातून पाणी सोडावे अशी विनवणी काठच्या गावांस बहुधा दरसाल करावी लागते. काळ्या रानास पडलेल्या भेगा इतक्या रुंद असतात की त्यांत बैलाचा खूर अडकावा. अशा दिवसांत शेतकरी आभाळाकडे पाहतो, आणि शेतकरी आभाळाकडे पाहतो म्हणून बाजारपेठही आभाळाकडे पाहते. ह्यात कोणास नावे ठेवण्याजोगे काही नाही. ज्या तालुक्याची सारी उलाढाल कापूस, सोयाबीन व तूर ह्यांवर चालते, तेथे पावसाची आशा ही चैन नसून पोटापाण्याची बाब होय.

आमचा आक्षेप आशेस नाही. पहिली सर पडल्यावर दुसऱ्या दिवशी आपल्या गावात जे घडते त्यास आहे. सर संध्याकाळी पडते. सकाळी सहाला बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी लोटते. शेजाऱ्याने पिशवी घेतली म्हणून हा घेतो, ह्याने घेतली म्हणून तिसरा घेतो. उधारीच्या वहीत नावे चढतात. आणि दोन दिवसांत अर्धे शिवार पेरून मोकळे होते. मग ऊन पडते. आठवडा जातो, पंधरवडा जातो, कोंब करपतात आणि तोच शेतकरी त्याच दुकानी मान खाली घालून पुन्हा उभा राहतो. ह्यासच आपण दुबार पेरणी असे सौम्य नाव दिले आहे.

काळ्या जमिनीचा स्वभाव ज्यास ठाऊक आहे त्यास ह्यात आश्चर्य वाटणार नाही. उन्हाळाभर तापलेल्या ह्या मातीत पहिले पाणी भेगा भरण्यातच खर्ची पडते. वरचा थर भिजून मऊ होतो, मातीचा वास सुटतो, मन हरखते. पण वीतभर खाली माती कोरडीच असते. बी वरच्या ओलीवर फुगते, उगवते, आणि मुळास खाली काही न मिळाल्याने मरते. म्हणूनच 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्यावाचून पेरणी करू नये, असे कृषी विभाग व परभणीचे कृषी विद्यापीठ दरवर्षी सांगत असतात. हा उपदेश छापला जातो, वाचला जातो, आणि पहिल्या सरीबरोबर वाहूनही जातो.

मागील काही वर्षांचा अनुभव ताजा आहे. 2014 व 2015 ही दोन्ही साले लागोपाठ तुटीची गेली. 2023 साली देशातील ऑगस्ट महिना 1901 पासूनचा सर्वांत कोरडा ठरला. 2025 चे साल तर ह्या बाबतीत मोठे शिकविणारे. त्या वर्षी मोसमी पाऊस 24 मे रोजीच केरळात आला आणि दोन दिवसांत मुंबईस पोहोचला. यंदा मृगाआधीच पाऊस, म्हणून सर्वत्र आनंदीआनंद झाला. आणि मे अखेरीस त्याची वाटचाल जी थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. पुढे त्याच वर्षी ऑगस्टात ह्याच नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात गावे पाण्याखाली गेली. पाऊस लवकर येणे, वेळेवर येणे आणि पुरेसा येणे ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे एका हंगामात ह्याहून स्पष्ट कोण दाखवील?

येथे पंचांगाविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. नक्षत्रांवरून शेतीची कामे ठरविण्याच्या चालीस आम्ही हसत नाही. ही नक्षत्रे सूर्याच्या गतीवरून मोजलेली असल्याने मृग दरसाल 7 किंवा 8 जूनच्या सुमारासच निघतो. ऋतुमानाचे ते चांगले कोष्टक आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव त्यात साठला आहे. परंतु ह्या नक्षत्राचे वाहन बेडूक म्हणून पाऊस पुष्कळ, आणि त्याचे गाढव म्हणून थोडा, हे मात्र निव्वळ भागाकाराचे फळ आहे. सूर्य व चंद्र ह्यांच्या नक्षत्रांतील अंतर मोजावे, 9 ने भागावे, बाकी उरेल ते वाहन! एकच बेडूक रत्नागिरीस आणि लातुरास सारखा पाऊस कसा पाडणार, हा प्रश्न शाळेतील मुलासही सुचावा. आणि जे सुशिक्षित लोक ह्या वाहनांस हसतात, तेच फोनवर आलेला कोण्या अनामिकाचा अंदाज खरा मानून पेरणीस निघतात, तेव्हा गाढव कोणते हे ठरविणे आम्हांस अवघड जाते.

आता कोणी म्हणेल, थांबण्यासही किंमत पडते. हे आम्हांस पूर्ण मान्य आहे. मूग-उडदाची पेरणी लांबली तर ते पीक हातचे जाते. ज्याच्या दारी ट्रॅक्टर नाही त्यास भाड्याच्या ट्रॅक्टरची पाळी येईल तेव्हाच पेरावे लागते. त्यास धीर धरण्याचा उपदेश करणे सोपे, पण पाळी हुकली तर पुन्हा कधी मिळेल हे उपदेशकास सांगता येत नाही. तथापि सोयाबीन जुलैच्या मध्यापर्यंत पेरता येते, आणि मूग-उडदाच्या घाईपायी सारे रान पणास लावण्याचे कारण नाही. शिवाय ह्या घाईचा भार कोणावर पडतो तेही पाहावे. कर्ज पुरुषाच्या नावे असते, पण वाकून सरकी लावणाऱ्या बायका असतात. दुसऱ्यांदा लावण्याची वेळ आली म्हणजे मजूर लावण्यास पैसा उरलेला नसतो आणि ते सारे श्रम घरच्या बायकांच्या पाठीवर येतात. पेरावे केव्हा, हे ठरविताना त्यांस विचारल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही.

दुबार पेरणी म्हणजे दुकानदाराची दुप्पट विक्री, असा आरोप आम्ही व्यापारी बंधूंवर सरसकट करीत नाही. ज्याची वही उधारीवर चालते त्याचे पैसे शेवटी शेतातूनच यावयाचे. शेत बुडाले तर वहीही बुडते, हे ते आमच्याहून अधिक जाणतात. म्हणूनच त्यांस आमचे सांगणे आहे. कापसाचे संकरित बी दरसाल विकतच घ्यावे लागते. त्याची पिशवी वाया जाणे हे रोख नुकसान होय. सोयाबीनचे तसे नाही. घरचे बी असेल तर 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावे. 70 वा अधिक उगवले तर ते बी पेरण्यास योग्य आहे. 2020 साली सोयाबीन न उगवल्याच्या इतक्या तक्रारी झाल्या की उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आपण होऊन दखल घेतली. विकत घेतलेले बी सदैव उगवतेच असे नाही, हे त्या वर्षी सर्वांस कळले. गोणपाटाची ही परीक्षा दुकानदाराने स्वतः दुकानापुढे करून दाखविली तर त्याचा एक पैसा बुडणार नाही आणि पत मात्र वाढेल.

दुसरी गोष्ट ह्याहून सोपी आहे. महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे उभी आहेत व पावसाची नोंद रोज होते. ही नोंद कार्यालयात व संगणकात पडून राहते. ज्यास तिची गरज तो मात्र बांधावर उभा राहून ढेकूळ फोडून पाहतो. बाजारपेठेतील चौकात एक काळा फळा लावावा. त्यावर तालुक्यातील प्रत्येक मंडळात काल किती मिलिमीटर पाऊस झाला आणि रोहिणीपासून एकंदर किती, हे रोज सकाळी आठच्या आत खडूने लिहावे. शंभराचा आकडा वर ठळक काढून ठेवावा. फळ्याचा खर्च व्यापाऱ्यांनी वर्गणीने करावा, आकडे तालुका कृषी कार्यालयाने द्यावे, आणि लिहिण्याचे काम शाळेच्या वरच्या वर्गातील मुलांमुलींनी पाळीपाळीने करावे. ज्या दुकानदारास ह्या फळ्याखाली उभे राहून गिऱ्हाइकास 'अजून चार दिवस थांबा, पिशवी तुमच्या नावे बाजूस ठेवतो' असे म्हणता येईल, त्याच्या दुकानी गर्दी कमी होईल असे आम्हांस वाटत नाही.

ही सूचना आम्ही मृग निघण्यापूर्वी करीत आहो. मृग निघाल्यावर दुकानांत उभे राहावयास जागा नसते, आणि त्या गडबडीत फळा कोण लावणार?