दंतवैद्य आणि डोक्याच्या गोळ्या

दंतवैद्याने दात पाहावा, डोक्याची विचारपूस करू नये. दाढ दाखवावयास आलेल्या माणसाला 'मनाच्या काही गोळ्या चालू आहेत काय' असे पुसणे हा त्याच्या अब्रूवर घाला होय. मनाचे विकार ही पुण्यामुंबईच्या रिकामटेकड्यांची चैन असून आमच्या वाशिमसारख्या कष्टकरी जिल्ह्यात त्यांना थारा नाही. आणि इतक्यावरही कोणी त्या गोळ्या घेत असेलच, तर त्याचे दात किडतात ते त्या गोळ्यांमुळेच, सबब त्या उकिरड्यावर टाकाव्यात, असा चार कलमी जाहीरनामा आमच्या परिचयाच्या एका विद्वान गृहस्थांनी नुकताच एका सभेत मोठ्या आवेशाने वाचून दाखविला. टाळ्या पडल्या. त्या पडल्या म्हणूनच हा लेखनप्रपंच. एरवी ज्या जाहीरनाम्याचे तिसरे कलम चौथ्याचा गळा धरते, म्हणजे विकार मुळीच नाहीत पण त्यांवरील गोळ्यांनी दात मात्र भराभर किडतात, त्याची दखल घेण्याचे काही प्रयोजन नव्हते.

तिसऱ्या कलमास एका वाक्याहून अधिक जागा देणे हा शाईचा अपव्यय होईल: शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी होरपळलेल्या ज्या 14 जिल्ह्यांसाठी राज्य सरकारला 2015 साली समुपदेशनाचा 'प्रेरणा प्रकल्प' हाती घ्यावा लागला, त्यांत वाशिमचे नाव आहे. गृहस्थांचा यावर सवाल असा की, ज्या वत्सगुल्मात, म्हणजे जुन्या वाशिमात, काव्यपुरुषाचे लग्न लागल्याचे राजशेखर कवी सांगतो, तेथे असली दुखणी येणार कोठून? त्यांनी चरकसंहिता उघडली असती, तर दात घासण्याच्या काडीचे विधान आणि उन्मादाची चिकित्सा ही दोन्ही एकाच ग्रंथात नांदताना आढळली असती. मागे बाभळीची काडी विरुद्ध ब्रश असा वाद रंगला होता, तेव्हा याच गृहस्थांनी चरकाला साक्षीस बोलाविले होते, फक्त काडीपुरते. आणि तेही तोंडातला खर्रा एका गालात सारून, हे आम्ही अद्याप विसरलेलो नाही.

आता अब्रूची हरकत. ही आमच्या विशेष आवडीची आहे, कारण तिच्यात दयाळूपणाचा आव आहे आणि परिणाम प्राणघातक होऊ शकतो. उन्माद आणि विषाद यांचे आळीपाळीने झटके येणाऱ्या रोग्यास लिथियम नावाचे क्षार पुष्कळदा आयुष्यभर घ्यावे लागतात. 1949 साली ऑस्ट्रेलियात त्यांचा गुण ध्यानात आल्यापासून त्यांनी असंख्य संसार सावरले. परंतु हे औषध मोठे काटेकोर. रक्तात त्याचे प्रमाण लिटरमागे सामान्यतः 0.6 ते 1.2 मिलिइक्विव्हॅलंट राखावे लागते आणि 1.5 ओलांडले की विषबाधेची चिन्हे दिसू लागतात. रिसोडकडचा असा एखादा रोगी वैशाखात दाढ ठणकते म्हणून तालुक्याच्या गावी येतो असे समजू. घरच्यांनी बजाविलेले असते की, 'डोक्याच्या गोळीचं तिथं सांगू नको, पोरीचं लग्न व्हायचं आहे.' दंतवैद्य विचारीत नाही, रोगी बोलत नाही, उभयतांची अब्रू अबाधित राहते. दाढ निघते आणि चिठ्ठीवर पाच दिवसांच्या डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनच्या गोळ्या लिहिल्या जातात. या वेदनाशामकांनी मूत्रपिंडावाटे लिथियम बाहेर पडणे मंदावते, उन्हाने अंगातले पाणी आटलेले असते, दुखऱ्या तोंडाने जेवणही सुटलेले असते; मग हात थरथरू लागतात, उलट्या-जुलाब होतात, चाल अडखळते, जीभ जड पडते. घरचे म्हणतात, दाढ उपटताना डोक्याची नस हलली. दाढ काढल्याने डोळे अधू होतात ही समजूत आमच्याकडे आधीच घट्ट आहे. तिला हा आणखी एक पुरावा मिळतो, आणि खरा अपराधी खिशातल्या पुडीत सुखाने पडून असतो. विचारले असते तर पॅरासिटामॉलवर काम भागले असते. एका प्रश्नाने जी आपत्ती टळते, तो प्रश्न विचारू नये म्हणणाऱ्यास अब्रूचा कैवारी म्हणावे की आणखी काही, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि ही एकट्या लिथियमची कैफियत नव्हे. दात बधिर करण्याच्या इंजेक्शनात बहुधा 80 हजारांत एक भाग अॅड्रिनॅलिन असते. जुन्या पद्धतीच्या विषादनाशक गोळ्या घेणाऱ्यास ते जपून, थोडे आणि सावकाश द्यावे लागते. भ्रम-भासांवरील कित्येक औषधांनी रक्तदाब उठताक्षणी खाली येतो, म्हणून अशा रोग्यास खुर्चीतून एकदम उभे करू नये. एस्सिटालोप्रामच्या जातीच्या गोळ्यांनी काहींना झोपेत दात करकरा खाण्याची खोड जडते. क्लोझापिन या भ्रम-भासांवरील औषधाने लाळेचा पूर येतो, शिवाय रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या नाहीत ना हे दाढ काढण्यापूर्वी पाहणे शहाणपणाचे असते.

चौथ्या कलमात मात्र सत्याचा अंश आहे, आणि तो नाकारण्याचा आमचा इरादा नाही. अमिट्रिप्टिलीनसारख्या विषादनाशक गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते. अशा माणसाचे तोंड जवळून पाहावे: दंतवैद्याचा लहान आरसा गालाच्या आतल्या बाजूस चिकटतो, सोडविताना हलकेच ओढावा लागतो, लाळ असते ती तारेसारखी, आणि कीड चघळण्याच्या पृष्ठभागावर कमी, हिरडीलगतच्या काठावर अधिक, तपकिरी पट्ट्यासारखी पसरलेली. त्यातून कोरड मारण्यासाठी तो दिवसभर लिमलेटची गोळी चघळतो, म्हणजे आगीत तेल. पण याचा इलाज घोटघोट पाणी, फ्लोराइडची पेस्ट, लिमलेटला रजा आणि मात्रा बदलता येईल काय अशी मनोविकारतज्ज्ञास चिठ्ठी, हा आहे. आपल्याच मुखत्यारीने औषध तोडले तर दात राहतील आणि माणूस पुन्हा जुन्या अंधारात जाईल. गंमत अशी की, निरोगी दाताकडे बोट दाखवून 'हाच दुखतो' म्हणावयास लावणारे, एकामागून एक दात काढूनही न थांबणारे जे एक दुखणे आहे, त्यावर हीच बदनाम अमिट्रिप्टिलीन थोड्या मात्रेत दिली जाते.

सभेत शेवटी अमेरिकेतला दाखलाही निघाला. विसाव्या शतकाच्या आरंभी न्यू जर्सीतील वेड्यांच्या इस्पितळाच्या एका अधीक्षकाने दातांच्या मुळाशी साचलेला पू हेच वेडाचे मूळ ठरवून हजारो दात उपटविले, पुढे पोटातल्या अवयवांवरही शस्त्र चालविले; माणसे मेली, वेड गेले नाही. दात आणि मन यांची सांगड घालणाऱ्यांची ही गत, असा निष्कर्ष काढण्यात आला. आम्हाला वाटते, रोग्याचे म्हणणे न ऐकता त्याच्या तोंडात हात घालणाऱ्यांची ही गत आहे.

आमची मागणी मोठी नाही. रक्तदाब आणि साखर विचारतात त्याच ओळीत, त्याच स्वरात, प्रत्येक रोग्यास रोजच्या सर्व गोळ्या विचाराव्यात; सर्वांनाच विचारले म्हणजे कोणा एकाकडे बोट होत नाही. मानसिक दुखण्याची माहिती गुप्त राहण्याचा हक्क 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या 23 व्या कलमाने दिलेला आहे. विषादग्रस्त माणूस आठवडेच्या आठवडे दात घाशीत नाही, तेव्हा त्याची हजेरी न घेता लहानसे काम आधी करून द्यावे. वाशिमात 2024 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, 14416 या क्रमांकावर टेलिमानसचा सल्ला फुकट मिळतो. एकेकाळी नागपूरच्या मनोरुग्णालयापर्यंत धाव घ्यावी लागे, ते दिवस गेले.

आणि वाचकहो, दंतवैद्याकडे निघताना घरात ज्या ज्या गोळ्या चालू असतील त्यांच्या पट्ट्या, डोक्याच्या असोत की झोपेच्या, पिशवीत टाका आणि खुर्चीत बसण्याआधी त्याच्या टेबलावर ठेवा.